प्रकाशाला डावे-उजवे कळते, पण किती?

प्रकाश वस्तूला ढकलतो, या विधानाने आता कोणी दचकत नाही. धूमकेतूची शेपटी सूर्यापासून दूर का वळते याचा विचार करताना केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभीच तशी कल्पना बोलून दाखविली होती. परंतु तोच प्रकाश उजव्या पिळाच्या कणाला एक धक्का देतो आणि डाव्या पिळाच्या कणाला वेगळा, असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर पुष्कळ काम झाले आहे, आणि काम झाले की त्याचा गाजावाजाही होतो. औषधातला गुणकारी रेणू आणि त्याचा अपायकारक जुळा भाऊ यांना आता प्रकाशाच्या चिमट्याने अलग करता येणार, अशा थाटाची विधाने विज्ञानवार्तांतून येतात आणि आपले विद्यार्थी ती परिसंवादात जशीच्या तशी म्हणून दाखवितात.

माझे म्हणणे असे की हे विधान अर्धेच खरे आहे. आणि त्यातले अर्धे कोणते, हे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून काढता येते. तो ते काढत नाही, कारण आपण त्याला तशी सवय लावलेली नाही. ध्रुवित प्रकाश पदार्थविज्ञानाच्या तासाला, प्रकाशीय समघटक रसायनशास्त्राच्या तासाला, आणि उसाच्या रसाचा 'पोल' साखर कारखान्यात! तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट चालली आहे हे सांगायला कोणाचाच तास मोकळा नसतो.

आधी डावे-उजवेपण म्हणजे काय ते पाहू. उजव्या सोंडेच्या गणपतीची मूर्ती आरशासमोर ठेवली तर आरशातला गणपती डाव्या सोंडेचा दिसतो. मूर्ती कशीही फिरवा, ती आरशातल्या मूर्तीसारखी होत नाही. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायाची होत नाही, तसेच. अशा आकाराला लॉर्ड केल्व्हिनने हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'कायरल' हे नाव दिले. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण दोरीचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे माणसांच्या स्वभावाबद्दल म्हटले जाते; पण पिळाचा आणखी एक गुण आहे, तो या विषयात फार मोलाचा आहे. उजव्या पिळाची दोरी उलटी करून दुसऱ्या टोकाकडून पाहिली तरी पीळ उजवाच राहतो. मळसूत्राचे आटेही तसेच. साखरेच्या द्रावणात कोट्यवधी रेणू वाटेल तसे उलटेसुलटे पडलेले असतात, तरी त्यांचा प्रकाशावरचा परिणाम एकमेकांना मारून टाकत नाही, याचे कारण हेच. रेणू कसाही पडो, त्याचा पीळ बदलत नाही.

आपल्या नाकालाही हा फरक कळतो. कार्व्होन नावाच्या पदार्थाचे दोन समघटक आहेत. एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. एकाचा वास पुदिन्याचा आणि दुसऱ्याचा बाळंतशेपाचा. हा फरक अशुद्धीमुळे नसून खरोखर डाव्या-उजव्याचा आहे, असे १९७१ साली शुद्ध नमुने घेऊन दाखविण्यात आले. नाकातले ग्राही स्वतःच एका हाताचे आहेत. उजव्या हातमोज्यात डावा हात नीट बसत नाही, इतकी ती साधी बाब आहे. प्रश्न प्रकाशाचा आहे. प्रकाशाला हात कुठला?

त्याचे उत्तर फ्रेनेलने १८२० च्या दशकात दिले. अरागोने १८११ साली क्वार्ट्‌झच्या स्फटिकात ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरताना पाहिली होती. बियोने १८१५ साली टर्पेंटाइनसारख्या द्रवांतही ती फिरते हे दाखविले. पुढे साखरेचे द्रावणही त्याच पंक्तीला बसले. फ्रेनेल म्हणाला की सरळ ध्रुवित प्रकाश म्हणजे दोन वर्तुळध्रुवित प्रकाशांची बेरीज समजा; एक उजवीकडे फिरत पुढे जाणारा, दुसरा डावीकडे. म्हणजे प्रकाशाचे दोन आटे झाले. पदार्थ कायरल असेल तर त्यात या दोघांचा वेग किंचित भिन्न असतो. एक दुसऱ्याच्या मागे पडतो, आणि बाहेर पडल्यावर दोघांची बेरीज केली की पातळी फिरलेली आढळते. पोलरीमीटरमध्ये आपण जो कोन वाचतो तो या दोन आट्यांच्या शर्यतीचा निकाल असतो.

येथे एक सूचना. प्रकाशाचे डावे-उजवे ठरविताना कोठून पाहायचे याविषयी दोन पंथ आहेत. प्रकाशशास्त्राच्या बहुतेक जुन्या पुस्तकांत किरणाच्या वाटेत उभे राहून, उगमाकडे तोंड करून पाहतात. अभियंते उगमापासून किरणाच्या पाठीमागून पाहतात. त्यामुळे एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. शंखाच्या बाबतीतही हेच घडते. प्राणिशास्त्रज्ञ ज्याला डाव्या वळणाचा म्हणतात, त्यालाच आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून देव्हाऱ्यात मान मिळतो. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांची आणखी एक गंमत आहे. त्यांच्या भाषेत 'एड' म्हणजे डावे आणि 'बल' म्हणजे उजवे. आणि बल म्हणजे जोर, हा अर्थ त्यांच्याकडेही आहेच. उजवीकडचे बल हा शब्दप्रयोग त्यांना पदार्थविज्ञानाच्या तासाला कसा ऐकू येत असेल, कोण जाणे.

असो. आता चिमट्याकडे येऊ. या विषयातला पहिला चिमटा प्रकाशाचा नव्हता, साधा धातूचा होता, आणि तो पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरच्या हातात होता. १८४८ सालची गोष्ट. द्राक्षाच्या दारूच्या पिपांत जमणाऱ्या टार्टारिक अम्लाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवीत असे. पण त्याच घटकांचे दुसरे एक अम्ल मुळीच फिरवीत नसे. पाश्चरने या दुसऱ्या अम्लाचे सोडियम-अमोनियम लवण स्फटिकरूपात मिळविले आणि ते भिंगाखाली निरखले. काही स्फटिकांवर एक लहान पैलू उजवीकडे होता, काहींवर डावीकडे. त्याने ते एक-एक वेचून दोन ढीग केले. दोन्हींची वेगवेगळी द्रावणे केली, तर एकाने पातळी उजवीकडे फिरविली आणि दुसऱ्याने तितकीच डावीकडे. म्हातारा बियो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने पाश्चरला बोलावून घेतले, रसायने स्वतः पुरविली, स्फटिक आपल्या नजरेखाली वेचावयास लावले आणि द्रावणाचे मापन स्वतः केले. ते पाहून तो गहिवरला, असे पाश्चरने पुढे सांगितले आहे. मला या हकिगतीत पाश्चरच्या नशिबापेक्षा बियोचा हट्ट अधिक आवडतो. या लवणाचे दोन तऱ्हेचे स्फटिक सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खालीच वेगवेगळे पडतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करू गेल्यास हाती काही लागणार नाही. थंडीत मात्र तो अवश्य करून पाहावा.

स्फटिक चिमट्यात धरता येतो. रेणू धरता येत नाही. मग प्रकाशाने रेणू धरावा, ही कल्पना कुठून आली? मॅक्सवेलने १८७३ साली प्रकाशाचा दाब गणिताने काढला. मॉस्कोत लेबेदेवने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो मोजला. दाब अगदीच क्षुल्लक असतो: भर उन्हात एक चौरस मीटर काळ्या पृष्ठावर सूर्यप्रकाश जेवढा दाबतो, तेवढे वजन अर्ध्या मिलिग्रॅमलाही नसते. १९३६ साली बेथने क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूला क्वार्ट्‌झचीच चकती टांगून तीमधून वर्तुळध्रुवित प्रकाश सोडला, तेव्हा चकतीला पीळ बसला. म्हणजे प्रकाशाचे वळण हे कागदावरचे गणित नव्हे. ते वस्तू फिरवू शकते. मग लेसर आला. बेल प्रयोगशाळेतील आर्थर अॅश्किनने १९७० साली लेसरने सूक्ष्म गोळ्या ढकलून दाखविल्या आणि १९८६ साली सहकाऱ्यांसह एकाच झोताच्या केंद्रबिंदूत कण पकडून ठेवला. यालाच प्रकाशाचा चिमटा म्हणतात. त्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय ९६ होते.

लेसरचा धक्काही लहानच. एक मिलिवॅटचा झोत पूर्ण शोषला गेला तर सुमारे ३.३ पिकोन्यूटन बल देतो. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. परंतु एक मायक्रॉन व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळीचे वजन त्याहूनही कित्येक शेकडो पटींनी कमी असते. त्या धक्क्याचा शंभरावा हिस्सा जरी तिच्या वाट्याला आला तरी ती उचलली जाते. धक्का लहान की मोठा, हे तो कोणाला बसतो यावर ठरते.

येथपर्यंत सगळे ठीक आहे. आता वही-पेन्सिल घेऊ.

शंभर मिलिलिटर द्रावणात दहा ग्रॅम साखर, वीस सेंटिमीटरची नळी, सोडियमचा दिवा. साखरेचे विशिष्ट घूर्णन ६६.५ अंश, त्यामुळे वाचन १३.३ अंश यावयास हवे. एवढे जर्नलमध्ये लिहून आपण सही घेतो. पण या आकड्यात पुढे काय दडले आहे? पातळी १३.३ अंश फिरली म्हणजे दोन आट्यांत त्याच्या दुप्पट, २६.६ अंशांचे अंतर पडले. पूर्ण तरंग ३६० अंशांचा, म्हणजे हे अंतर एका तरंगाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाएवढे. आणि ते पडायला प्रकाशाला वीस सेंटिमीटर चालावे लागले, म्हणजे सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या हिशेबाने सुमारे तीन लाख चाळीस हजार तरंगलांब्या. भागाकार करा: दोन आट्यांच्या वक्रीभवनांकांतला फरक एक कोटीत सुमारे दोन निघतो.

हा फरक कशाच्या मानाने लहान? साखर विरघळल्यामुळे पाण्याचा वक्रीभवनांक १.३३३ वरून सुमारे १.३४७ होतो, म्हणजे साखरेने प्रकाशाला दिलेला एकूण प्रतिसाद ०.०१४. त्याला मघाच्या फरकाने भागले की ६४ हजारांच्या आसपास संख्या येते. साखरेचा रेणू प्रकाशाला जेवढे उत्तर देतो, त्यातला साठ-पासष्ट हजारांत एक भाग फक्त डाव्या-उजव्याबद्दल असतो. बाकीचे उत्तर दोन्ही हातांना सारखेच.

आता यातली मुख्य गोष्ट सांगतो. चिमटा कणाला धरतो तो याच प्रतिसादाच्या बळावर. प्रकाशाच्या विद्युत्‌क्षेत्राने रेणूतले भार किंचित सरकतात. त्यामुळे प्रकाशाचा वेग मंदावतो, आणि त्यामुळेच रेणू झोताच्या तेजस्वी भागाकडे ओढला जातो. वक्रीभवन आणि चिमट्याचे बल ही एकाच नाण्याची दोन अंगे. तेव्हा उजव्या आट्याच्या प्रकाशाने साखरेचा रेणू ओढला आणि डाव्या आट्याने ओढला, तर बलातला फरकही याच कोटीचा, साठ-पासष्ट हजारांत एक. रेणू ज्या रंगाचा प्रकाश शोषतो त्या रंगाजवळ गेल्यास हे प्रमाण वाढते, काही रेणूंत हजारात एकाच्या घरात जाते. पण तेथे प्रकाशाने रेणू तापण्याचा व मोडण्याचाही संभव वाढतो.

आणि मूळ बलच केवढे? कणाची त्रिज्या शंभरपट कमी केली की त्याचे घनफळ दहा लाखपट कमी होते, आणि ओढ घनफळाच्या प्रमाणात असते. शंभर नॅनोमीटरच्या कणाकडून एक नॅनोमीटरच्या रेणूकडे आलो की चिमट्याची पकड दहा लाखपट सैल होते. भोवतालच्या पाण्याचे रेणू मात्र त्याला पहिल्याच जोराने हिसके देत असतात. दहा लाखपट सैल पकड, आणि त्यातला साठ हजारावा भाग डावे-उजवे निवडणार! या हिशेबाला संगणक लागत नाही, परदेशी नियतकालिक लागत नाही. जर्नलमधले १३.३ एवढेच लागते, आणि तेही शेजाऱ्याच्या वहीतून उतरलेले नसावे.

हे प्रमाण इतके लहान का, याचे उत्तरही सोपे आहे. वर्तुळध्रुवित प्रकाशाचे विद्युत्‌क्षेत्र एका तरंगलांबीत एक पूर्ण फेरा घेते. साखरेचा रेणू एक नॅनोमीटरचा. तेवढ्या अंतरात तो फेरा एका अंशाहूनही कमी वळतो. मैलभर लांबीचा एकच आटा असलेल्या मळसूत्रावर मुंगी बसली तर तिला ती सरळ सळईच वाटणार. रेणूचेही तसेच आहे. प्रकाश त्याला जवळजवळ सरळच दिसतो.

औषधांच्या बातमीबद्दल आता माझे मत उघड आहे. कायरल औषधांचे दोन हात वेगळे करण्याचे काम आज कारखाने करतात, आणि ते किलोंच्या व टनांच्या हिशेबात करतात. दुसरे कायरल अम्ल मिसळून लवणाचे स्फटिक पाडतात (त्यात पाश्चरचे टार्टारिक अम्ल अजून उपयोगी पडते), स्वतः कायरल असलेल्या पदार्थाने भरलेल्या स्तंभातून द्रावण सोडतात, किंवा मुळातच एका हाताचा रेणू घडेल असे उत्प्रेरक वापरतात. अशा उत्प्रेरकांच्या कामाला २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एक रेणू दुसऱ्या रेणूचा हात चटकन ओळखतो, कारण दोघांचे माप एक. प्रकाशाला ते माप नाही. म्हणून साध्या औषधी रेणूंची वाटणी प्रकाशाच्या धक्क्याने कारखान्यात होईल, या आशेवर मी माझ्या विद्यार्थ्याला आयुष्य लावायला सांगणार नाही.

याच ओघात थॅलिडोमाइडचे उदाहरण हटकून येते. १९५७ ते १९६१ या काळात पश्चिम जर्मनीत व अन्यत्र हे औषध गर्भवती स्त्रियांनी घेतले आणि दहा हजारांहून अधिक बालके व्यंगे घेऊन जन्मली. त्याचा एक हात गुणकारी व दुसरा घातक होता, दोन्ही वेगळे केले असते तर हा अनर्थ टळला असता, असे उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे लिहिले जाते. ते खरे नाही. थॅलिडोमाइडचे दोन्ही हात शरीरात गेल्यावर काही तासांत एकमेकांत बदलतात. शुद्ध डावा दिला तरी पोटात उजवा तयार होतोच. तेथे चिमटा धातूचा असो की प्रकाशाचा, काही उपयोग नव्हता. औषध देण्यापूर्वी पुरेशी परीक्षा घ्यावयास हवी होती, ती घेतली नाही, हा खरा दोष. एवढ्या मोठ्या दुःखाचे उदाहरण द्यायचे तर ते निदान नीट द्यावे.

मग प्रकाश आणि पीळ यांच्या बलाचा हा सारा उद्योग व्यर्थच का? मुळीच नाही, बातमीतला खरा अर्धा भाग पुढेच आहे. रेणूला प्रकाश सरळ दिसतो, कारण तो प्रकाशाच्या मानाने फार लहान. तर मग प्रकाशाच्या मापाचा पीळ तयार करावा! ही कल्पना सोन्याच्या नॅनोकणांबरोबर जन्मली असे समजू नये. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी ती १८९८ साली तागाच्या दोरीने करून दाखविली आहे. त्यांच्याजवळ लघु विद्युत्‌तरंग निर्माण करणारे उपकरण होते, तरंगलांबी मिलिमीटर-सेंटिमीटरांची. साखरेचा रेणू या तरंगांपुढे कःपदार्थ. म्हणून बोसांनी तागाच्या जुड्यांना पीळ देऊन आपले मोठे 'रेणू' तयार केले. काही उजव्या पिळाचे, काही डाव्या. उजव्या जुड्यांनी तरंगाची ध्रुवणपातळी एकीकडे फिरविली, डाव्यांनी दुसरीकडे, आणि दोन्ही समसमान घेतल्या तर काहीच फिरले नाही. पाश्चरचे दोन ढीग आणि त्यांचे मिश्रण, सारे तागात उतरले. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असल्या भाषणांचा मला कंटाळा आहे. पण येथे तारीख आहे, लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेलेला निबंध आहे, आणि आज ज्यांना कृत्रिम कायरल रचना म्हणतात त्यांची वंशावळ लिहिताना जाणकार याच निबंधापासून आरंभ करतात.

बोसांच्या तागाला जे माप होते, तेच दृश्य प्रकाशाकरिता हवे असेल तर रचना शेकडो नॅनोमीटरची करावी लागते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जर्मनीत कार्ल्सरूह येथे २००९ साली सोन्याच्या मळसूत्रांची रांगच रांग उभी करण्यात आली. अवरक्त प्रकाशातील एका आट्याला ती अडवी आणि दुसऱ्याला वाट देई. सेऊल येथे २०१८ साली तर सोन्याचे कण द्रावणातच असे वाढविले की घनाच्या सहाही बाजूंवर वळलेल्या खाचा पडल्या. युक्ती मोठी मौजेची आहे: सोने वाढत असताना द्रावणात सिस्टीनसारखे एका हाताचे जैव रेणू ठेवले, आणि त्या इवल्याशा रेणूंनी आपला हात दीडशे-दोनशे नॅनोमीटरच्या कणावर उमटविला. या कणांचा डाव्या व उजव्या आट्यांना मिळणारा प्रतिसाद सरासरीच्या सुमारे एक पंचमांशाने भिन्न आढळला. साखरेत साठ-पासष्ट हजारांत एक, येथे पाचात एक! हा फरक नुसता अंशांचा राहत नाही, गुणाचा होतो. येथे धक्क्यांतला फरक शोधावा लागत नाही. तो समोर येऊन उभा राहतो.

तसे झालेही आहे. फ्रान्समध्ये बोर्दो येथे २०१४ साली कायरल द्रवस्फटिकाचे सूक्ष्म थेंब वाहत्या द्रवात सोडले आणि आडव्या बाजूने लेसरचे दोन झोत टाकले. थेंबातल्या पिळाचे माप प्रकाशाशी जुळलेले होते. असा थेंब आपल्या वळणाचा प्रकाश आरशासारखा परतवितो आणि विरुद्ध वळणाचा आरपार जाऊ देतो. परतविला की धक्का बसतो, जाऊ दिला की बसत नाही. परिणामी उजवे थेंब एका अंगाला गेले, डावे दुसऱ्या. पाश्चरचे दोन ढीग, पण या वेळी वेचणारा हात नव्हता. स्टॅनफर्ड येथे २०१७ साली एका सूक्ष्म टोकालाच कायरल आकार देऊन, उजव्या व डाव्या आट्याचा प्रकाश त्याला किती वेगळे ओढतो हे प्रत्यक्ष मोजण्यात आले. फरक पिकोन्यूटनच्या पातळीचा निघाला. जपानमध्ये ओकाझाकी येथे २०२२ साली सेऊलच्या जातीचे सोन्याचे कण चिमट्यात धरून, धरण्याचे बल प्रकाशाच्या वळणाप्रमाणे बदलते असे दाखविले. हाँगकाँग आणि हार्वर्ड येथील गणितींनी तर, पृष्ठालगतच्या प्रकाशात कायरल कणाला झोताच्या दिशेने नव्हे, आडव्या दिशेने बल मिळू शकते, उजव्याला एकीकडे व डाव्याला दुसरीकडे, असे आधीच काढून ठेवले होते.

एक उलटा मार्गही आहे. रेणू मोठा करता येत नाही. मग प्रकाशच लहान जागेत अधिक पिळावा. धातूच्या नॅनोरचनेच्या अगदी लगत विद्युत्‌क्षेत्र इतके झपाट्याने वळते की तेथल्या रेणूला पीळ जाणवू लागतो. एक्सेटर व ग्लासगो येथील मंडळींनी २०१० साली सोन्याच्या स्वस्तिकासारख्या आकारांवर प्रथिने पसरून त्यांचा हात अत्यल्प मात्रेतही ओळखता येतो असे दाखविले. माझ्या मते नजीकच्या काळात उपयोग आहे तो येथे: रेणू ढकलण्यात नव्हे, ओळखण्यात. ढकलण्याचा उपयोग कणांची निवड करण्यात, सूक्ष्म यंत्रे फिरविण्यात होईल. औषधांची बातमी त्यामानाने अधिक विकली जाते, एवढेच.

अभ्यासक्रमाबाहेरचे कशाला, असे माझे काही सहकारी म्हणतील. नॅनोकणांना लाखो रुपयांची यंत्रे लागतात, आपल्याकडे धड सोडियमचा दिवा लागत नाही, असेही म्हणतील, आणि दिव्याबद्दल ते खोटे बोलत नाहीत. पण वरच्या साऱ्या मजकुरात आपल्याला न परवडणारे काय आहे? ध्रुवणाचे दोन तास आणि समघटकांचे दोन तास एकाच आठवड्यात, दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी मिळून घेणे अशक्य नाही. चिक्कोडी-रायबागकडून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी ऊस आहे. कारखान्यात उताऱ्याचा हिशेब मांडताना लागणारा 'पोल' म्हणजे ध्रुवणाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप आहे, आणि रसाची नळी तीच, जी आपल्या प्रयोगशाळेत आहे, हे त्यांना आपण कधी सांगितले? साखरेच्या द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक अम्ल घालून ऊन केले की वाचन उजवीकडून शून्यावर व तेथून डावीकडे जाते. साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात आणि फ्रुक्टोजचे डावे घूर्णन वरचढ ठरते. हे डोळ्यांदेखत घडताना पाहिलेला विद्यार्थी वाचन उतरवून घेणार नाही, असे मला वाटते. निदान एवढे एक वाचन तरी.

आणि बोसांचा प्रयोग? ज्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्ग आहेत तेथे तीन सेंटिमीटर तरंगलांबीचे मायक्रोवेव्हचे उपकरण बहुधा एखाद्या टेबलावर झाकून ठेवलेले असते. ताग बाजारात मिळतो. दोन्ही पिळांच्या वीतभर लांबीच्या सारख्या जुड्या वळायच्या, आधी नुसत्या उजव्या ठेवून वाचन घ्यायचे, मग नुसत्या डाव्या, मग दोन्ही. पीळ सैल ठेवला तर काय होते आणि घट्ट केला तर काय, हेही पाहावे. तरंगलांबीशी पिळाचे माप कोठे जुळते याचा आलेख विद्यार्थ्यानेच काढावा. दोरी वळणारी माणसे गावोगावी अजून आहेत. पीळ एकसारखा कसा द्यायचा, हे त्यांना विचारून घ्यावे. आमच्यापैकी कोणाला ते येत नाही.